बेत्सिबोका ते त्सिरिबिहिना : दोन सिफाकांच्या मुलखात

सिफाका हा मादागास्करचा काळ्या तोंडाचा लेमूर, माकडांच्या लांबच्या नात्यातला; पश्चिमेकडचे बहुतांशी पांढरे. झाडांवर तो अंग उभं ठेवूनच या बुंध्यावरून त्या बुंध्यावर उडी घेतो आणि जमिनीवर उतरला की हात वर करून, दोन पायांवर तिरका तिरका उसळत जातो. बेटाच्या पश्चिमेकडच्या कोरड्या जंगलांत त्याच्या चार जाती आहेत : कोकरेलचा सिफाका, मुकुटधारी सिफाका, डेकेनचा सिफाका आणि व्हेरोचा सिफाका. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या चौघांना एकाच जातीची चार रूपं मानत असत. आता त्या स्वतंत्र जाती आहेत. त्यांतला उत्तरेचा कोकरेल आणि दक्षिणेचा व्हेरो एकाच प्रवासात, पाठोपाठ पाहायचे असं ठरवून आम्ही निघालो. दादाला छायाचित्रं हवी होती, वहिनीला जंगल. मला विचाराल तर एकच गोष्ट बघायची होती : अंगावरचे रंग सोडले तर या दोघांत खरोखर वेगळं काय आहे?

अंतानानारिवो

मुंबईहून आदिस अबाबामार्गे दुपारी मादागास्करच्या राजधानीत पोचलो. सप्टेंबरची हवा कोरडी, आणि शहर साडेबाराशे मीटरच्या आसपास उंचावर असल्यामुळे संध्याकाळ होताच स्वेटर घालावे लागले. टेकड्यांवर विटांची उंच, चिंचोळी घरं आणि टेकड्यांच्या पायथ्याशी, थेट शहराच्या मधोमध, भातखाचरं.

सकाळी हॉटेलच्या कोपऱ्यावर एक बाई कोळशाच्या शेगडीवर मोफो गासी करत बसल्या होत्या. तांदळाचं किंचित गोड, आंबवलेलं पीठ, खळग्यांचं लोखंडी पात्र, काडीने उलटायची पद्धत : थेट आपले आप्पे. वहिनी तिथे उकिडवी बसली आणि हातवारे करून तिने पिठाची सगळी कृती काढून घेतली. पुढे सगळ्या प्रवासात सकाळचं खाणं हेच राहिलं. जेवणात भात तीन त्रिकाळ. भाताच्या भांड्याला तळाशी लागलेल्या खरपुडीत पाणी घालून उकळतात, ते रानोव्होला जेवणाबरोबर पितात. धुरकट वासाचं हे पाणी मला फार आवडलं, आणि पाणी उकळलेलं असल्यामुळे पोटालाही बरं.

शाकाहारी मंडळींनी 'त्सी मिसी हेना', म्हणजे मांस नसलेलं, एवढं पाठ करून ठेवावं. भात आणि घेवड्याची उसळ जवळपास सगळीकडे मिळते. सोबत साकाई नावाचा झणझणीत ठेचा मागून घ्यावा.

आणखी दोन गोष्टी निघण्याआधीच करायच्या. आफ्रिकेतून विमान बदलून जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा, परतताना भारतातही ते विचारतात. दुसरं, राजधानीतच आरिआरी, म्हणजे इथलं चलन, काढून सुट्ट्या नोटा करून घ्या. पुढे गावांत मोठी नोट मोडत नाही.

राष्ट्रीय मार्ग ४

कोकरेल पाहायचं आमचं ठिकाण, अंकाराफांत्सिका उद्यानातलं अंपिजोरोआ, साडेचारशे किलोमीटर लांब. पहाटे निघालो ते अंधार पडता पडता पोचलो. रस्ता काही टप्प्यांवर नीट, काही टप्प्यांवर नुसते खड्डे. रात्री या रस्त्यावर गाडी चालवायची नाही हा आमच्या ड्रायव्हरचा नियम होता आणि तो योग्यच आहे.

पठारावर मैलोन्‌मैल झाड नाही. पिवळं गवत, आणि टेकड्यांच्या कुशीत लालभडक घळी. पावसाने माती खचून पडलेल्या या घळींना इथे लावाका म्हणतात. जसजसं खाली उतरत गेलो तसा उकाडा वाढत गेला. मेवातानाना मागे पडलं आणि लोखंडी पुलावरून बेत्सिबोका ओलांडली. पाणी विटेच्या रंगाचं. पठाराची माती वाहून नेणारी ही नदी समुद्राला मिळते तिथला लाल पट्टा अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांतही दिसतो.

हा पूल आमच्या प्रवासातला महत्त्वाचा टप्पा होता. कोकरेलचा सिफाका फक्त बेत्सिबोकाच्या उत्तरेला आणि पूर्वेला राहतो. नदीच्या पलीकडून त्याचा भाऊबंद सुरू होतो. सिफाका पोहत नाही, इतकं रुंद पात्र उडी मारून ओलांडता येत नाही, आणि नदी हजारो वर्षं तिथेच. पश्चिमेच्या चारही जातींच्या सीमा अशा मोठ्या नद्यांनीच आखल्या आहेत. नकाशात हे पाहिलं होतं. लाल पाणी पायाखालून जाताना ते पटलं.

अंपिजोरोआ, अंकाराफांत्सिका राष्ट्रीय उद्यान

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा हातात घेऊन बाहेर आलो तर छावणीच्या अंगणातल्या झाडावर कुटुंब हजर. जंगलात पाऊलही टाकायच्या आधी!

सगळे पूर्वेकडे पोट करून, हात मांडीवर सैल सोडून उन्हाला बसले होते. पांढऱ्या अंगावर दंडांना, मांड्यांना आणि छातीवर गर्द तांबूस-तपकिरी रंगाचे मोठे पट्टे. काळ्या तोंडावर नाकाच्या दांड्याशी पांढरा ठिपका. डोळे पिवळे. वजन चार किलोच्या आसपास, शेपूट धडापेक्षा लांब. एका मादीच्या पाठीला पिल्लू चिकटलेलं होतं. इथली पिल्लं जून-जुलैत जन्मतात, पहिला महिनाभर आईच्या पोटाला धरून राहतात आणि मग पाठीवर चढतात.

आमची मार्गदर्शक शेजारच्याच गावची, तिशीची, फार बारीक नजरेची बाई. उद्यानात मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. तिने पहिल्याच तासाला शिकवलं की सिफाकाच्या टोळीत आधी मादी शोधायची. एक मादी कोवळ्या पानांच्या फांदीकडे सरकली, तिथे बसलेल्या नराने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फांदी रिकामी केली. मादीने फांदी तोडली नाही. ओढून तोंडाशी आणली, थेट दातांनी पानं खाल्ली आणि फांदी सोडून दिली. "खाणं आधी तिचं. नेहमी," मार्गदर्शक म्हणाली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, "वन्सं, हे लिहून ठेवा."

मग एकेकाने झाड सोडलं. उडी सुरू होते ती पायांतून. लांब मांड्या एकदम सुटतात, अंग हवेत वळतं आणि समोरच्या बुंध्याला आधी पाय लागतात. नऊ-दहा मीटरची झेप ते सहज घेतात. पुढच्या झाडापर्यंत अंतर फारच होतं तिथे ते खाली उतरले आणि अंगण ओलांडून उसळत गेले. पाय हातांपेक्षा इतके लांब की चार पायांवर चालणं त्यांना जमतच नाही. दादा कॅमेरा विसरून नुसता बघत उभा राहिला.

दुपारी रावेलोबे तळ्यावर नावेतून फेरी मारली. काठावर राफियाची झाडं, चिखलात मगरी, आणि एका उंच फांदीवर मादागास्करचा मत्स्यगरुड, जगातल्या अतिदुर्मीळ शिकारी पक्ष्यांपैकी एक. रात्रीच्या फेरीत टॉर्चच्या उजेडात उंदीर-लेमूर दिसले. त्यातली एक जात या तळ्याच्याच नावाने ओळखली जाते, विज्ञानाला ती १९९८ मध्ये माहीत झाली. डोक्याला बांधायचा टॉर्च लाल उजेडाचा घ्या, प्राण्यांना त्रास होत नाही.

तळ्याजवळ कुंपणाआड कासवांचं प्रजनन केंद्र आहे. नांगऱ्या कासव या जगातल्या सर्वांत दुर्मीळ कासवांपैकी एका जातीसाठी ते १९८६ मध्ये सुरू झालं. आत जाता येत नाही, जाळीतूनच पाहायचं.

संध्याकाळी मार्गदर्शकाने उद्यानाचा दुसरा चेहरा दाखवला. अलीकडच्या वर्षांतल्या वणव्यांनी जंगलाचे मोठे तुकडे खाल्ले आहेत. गुरांच्या चाऱ्यासाठी गवत पेटवतात, आग आत शिरते. सिफाका मारणं हे इथल्या साकालावा लोकांत पूर्वापार निषिद्ध आहे, पण बाहेरून आलेल्या लोकांवर तो निर्बंध नाही आणि गावातल्या पोरांवरही तो पूर्वीइतका राहिलेला नाही, असं ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज बदलला होता.

महाजंगा

शंभर-सव्वाशे किलोमीटरवर समुद्र. गावाच्या मध्यभागी रस्त्याच्या वळणावर एक अवाढव्य गोरखचिंच आहे, तिला वळसा घालून गाड्या जातात. संध्याकाळी सगळं गाव समुद्राच्या बांधावर येतं. कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्या, कच्च्या पपईचं लोणचं, थंड नारळपाणी.

बाजारात पाण्याच्या बाटल्या घ्यायला शिरलो ते दुकान निघालं एका गुजराती म्हाताऱ्याचं. वहिनीची साडी बघून त्यांनी विचारलं, "तमे क्यांथी?" मुंबई म्हटल्यावर खुर्च्या आल्या, चहा आला. त्यांचे पणजोबा काठियावाडहून गलबताने आले होते. इथे भारतीय वंशाच्या लोकांना काराना म्हणतात आणि महाजंगात त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या आहेत. कोपऱ्याकोपऱ्यावर विकले जाणारे सांबोस, म्हणजे आपले सामोसे, त्यांच्याबरोबरच आले. मुंबई त्यांनी एकदाच पाहिलेली, तरी भायखळ्याच्या गल्ल्या त्यांना अजून आठवत होत्या.

त्यांनीच बांधावर येऊन पलीकडचा किनारा दाखवला. बेत्सिबोकाच्या मुखाचा उपसागर, आणि समोर कात्सेपी. रोज होड्या जातात-येतात. कात्सेपीच्या बाजूला कोकरेलचा सिफाका नाही. तिथे आहे मुकुटधारी सिफाका, डोकं आणि मान गडद तपकिरी असलेला. एका किनाऱ्यावरून दुसरा किनारा दिसतो आणि दोन्हीकडे वेगळी जात! आमच्याकडे वेळ नव्हता, पण तुमच्याकडे एक दिवस जास्तीचा असेल तर पलीकडे जाऊन याच.

पुन्हा दक्षिणेकडे

राजधानीला परतून अंत्सिराबे आणि मियांद्रिवाझोमार्गे मोरोंदावा. अंत्सिराबेला रात्री दोन-दोन गोधड्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी मियांद्रिवाझोला उकाड्याने झोप लागेना. विमानाने वेळ वाचतो, पण पठार उतरताना हवा, घरं, माणसांचे चेहरे, सगळं कसं बदलत जातं ते रस्त्यानेच कळतं. वाटेत केळीच्या पानात गुंडाळलेला कोबा घ्यायला विसरू नका : शेंगदाणे, तांदळाचं पीठ आणि केळं, तासन्‌तास उकडलेलं. भूक भागवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

मोरोंदावा ते किरिंदी

मोरोंदावाच्या उत्तरेला धुळीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रांदिदिएच्या गोरखचिंचा उभ्या आहेत. पर्यटकांची गर्दी सूर्यास्ताला असते, आम्ही दुपारीच थांबलो आणि बुंध्यांच्या सावलीत बसून एका मुलीकडून तिथलीच गोरखचिंचेची फळं घेऊन खाल्ली, आंबट, पिठूळ. ज्या आल्फ्रेड ग्रांदिदिएच्या नावाने हे झाड ओळखतात, त्याच फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये व्हेरोच्या सिफाकाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

एक सावधगिरी. किरिंदी नावाची दोन जंगलं आहेत. आम्ही गेलो ते मोरोंदावाच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर. किरिंदी-मितेआ राष्ट्रीय उद्यान दक्षिणेला आहे आणि ते पूर्ण वेगळं. गाडी ठरवताना 'उत्तरेचं' असं स्पष्ट सांगा.

किरिंदी अंकाराफांत्सिकापेक्षाही कोरडं. साधारण एप्रिलपासून पाऊस नाही, झाडं निष्पर्ण, पायाखाली पाचोळ्याचा खच. एक पाऊल टाकलं तरी आवाज. लाकडी खोल्या, मच्छरदाणी, बादलीने पाणी. स्वयंपाकघरामागे दिवसाढवळ्या फोसा आला. मादागास्करचा हा सर्वांत मोठा शिकारी सस्तन प्राणी, लांब शेपटीचा, तांबूस, पोट जमिनीला लागेल इतका खाली दबून चालणारा. सिफाका हे त्याचं आवडतं भक्ष्य.

सकाळी व्हेरो भेटले. पान नसलेल्या झाडांवर ते लांबूनच दिसतात. अंग जवळजवळ पूर्ण पांढरं, डोक्यावर गडद तपकिरी टोपी, कपाळावर पांढरी पट्टी. कोकरेलचे ते तांबूस पट्टे कुठेच नाहीत. अंगाने थोडे हलके, साधारण तीन किलोंचे. काही नरांची छाती मात्र तपकिरी डागांनी माखलेली होती. गळ्याशी ग्रंथी असते, वरचढ नर ती बुंध्यांवर सतत घासतो, त्याने छातीला रंग चढतो. दुय्यम नरांची छाती स्वच्छ. इथलं पिल्लू उत्तरेतल्यापेक्षा लहान, अजून आईच्या पोटाशीच होतं, आणि टोळीतले बाकीचेही येऊन त्याचं अंग चाटून जात होते.

बाकी सगळं ओळखीचं. तीच झेप, तेच फांदी ओढून खाणं, तोच मादीचा मान. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ॲलिसन रिचर्ड यांनी अंपिजोरोआतल्या आणि थेट दक्षिणेच्या काटेरी जंगलातल्या सिफाकांचा तुलनात्मक अभ्यास केला, तेव्हा दोन्ही एकच जात समजली जात होती. समोर बसलेलं कुटुंब बघताना ते मला अगदी स्वाभाविक वाटलं.

तेवढ्यात वर घार-ससाण्यासारखा एक मोठा पक्षी फिरला आणि टोळीने एकदम भुंकून गर्जना केली, सगळे फांद्यांच्या आत खाली सरकले. थोड्या वेळाने पाचोळ्यात काही खुसपुसलं तर आवाज वेगळा : शिंकेसारखा, दोन तुकड्यांचा, शी-फाक, शी-फाक. मान खाली, नजर जमिनीवर. इथल्या मार्गदर्शकाने बऱ्याच संशोधकांबरोबर काम केलेलं. जर्मन प्राइमेट सेंटरचं संशोधन या जंगलात १९९३ पासून चालू आहे, कित्येक प्राण्यांच्या गळ्यात ओळखपट्टे आहेत. मार्गदर्शकांनी सांगितलं ते मी त्या दिवशीच टिपून ठेवलं. कोकरेल आणि व्हेरो, दोघांच्याही इशाऱ्याच्या हाका ध्वनिमुद्रित करून, त्या पुन्हा ऐकवून तपासल्या गेल्या आहेत. हाका दोघांकडे त्याच. आकाशातल्या शिकाऱ्यासाठीची गर्जना दोघांनाही सारखीच कळते. पण बाकीच्या हाका कशासाठी द्यायच्या आणि ऐकल्यावर काय समजायचं, यात दोघांत फरक पडला आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. पट्टे आणि टोपी कुणालाही दिसतात. नद्यांनी वेगळे केलेल्या या दोघांनी आवाज तेच ठेवले आणि त्यांचा वापर आपापल्या जंगलात बदलत नेला, याचं महत्त्व मला रंगापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. दादाला हे पटलं नाही. त्याच्या मते टोपी पुरेशी आहे. रात्री जेवताना यावर बराच वाद झाला, भात आणि घेवड्याची उसळ थंड होईपर्यंत.

त्या रात्रीच्या फेरीत झाडांच्या ढोल्यांत झोपलेल्या जाडशेपट्या लेमूरांबद्दल कळलं. कोरड्या ऋतूत ते सात महिनेही शीतनिद्रेत राहतात, शेपटीत साठवलेल्या चरबीवर. उष्ण प्रदेशातला प्राइमेट, म्हणजे लेमूर, माकडं आणि माणूस ज्या गणात येतात त्यातला प्राणी, असं करतो हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं.

परतताना दिवसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जळकी खोडं दिसली. मका आणि भुईमुगासाठी जंगल जाळून शेतं काढली आहेत. दक्षिणेतल्या दुष्काळातून आलेली माणसं हे करतात, त्यांनाही पोट आहे. पण किती वेगाने जंगल मागे हटतंय हे ड्रायव्हर दाखवत होता, "मागच्या खेपेला इथे झाडं होती." २०२० मध्ये लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात असल्याचं जाहीर झालं. कोकरेल आणि व्हेरो दोघेही त्यातल्या सर्वांत वरच्या, अतिसंकटग्रस्त गटात आहेत.

जाणार असाल तर

ऑगस्ट ते ऑक्टोबर उत्तम : जंगल निष्पर्ण, पिल्लं लहान, रस्ते सुके. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, पश्चिम किनाऱ्यावर डास आहेत. बूट बंद, विजार लांब. मोरोंदावाच्या उत्तरेला फोर-बाय-फोर हवीच, वाळूत गाडी रुतते. स्थानिक मार्गदर्शकाला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या, या जंगलांचे डोळे तेच आहेत.

चारही सिफाका पाहायचे असतील तर क्रम असा लावा : अंपिजोरोआत कोकरेल, महाजंगाहून होडीने कात्सेपीला मुकुटधारी, मग किरिंदीत व्हेरो, आणि तिथून बेलोला त्सिरिबिहिना नदी तराफ्याने ओलांडून त्सिंगी द बेमाराहाच्या दगडी सुळक्यांत डेकेन. हा शेवटचा टप्पा पावसाळ्यात बंद असतो, आणि तराफ्याला रांग लागते, तेव्हा किरिंदीहून उजाडायच्या आत निघा.